पुरुषांमधील मूत्रमार्गदाह : औषधाआधी कारण शोधा

लघवी करताना जळजळ होते, ही तक्रार घेऊन पुरुष डॉक्टरांकडे पोहोचतो तोवर त्याचे दोन उपाय बहुधा करून झालेले असतात. एक म्हणजे दिवसभर पाणी पिणे, आणि दुसरा म्हणजे कोणीतरी सुचवलेल्या प्रतिजैविकाच्या तीन-चार गोळ्या घेऊन पाहणे. पहिल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्याने मात्र जळजळ तेवढी कमी होते, रोग मागे राहतो आणि नमुन्यात जंतू सापडण्याची शक्यता घटते. म्हणजे जे शोधायचे असते त्याचा मागच पुसला जातो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, रुग्णांवर उपचार करत नाही. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे या धाग्यातून कोणी ठरवू नये. गोळी घेण्याआधी काय शोधायला हवे आणि का, एवढेच येथे मांडायचे आहे.

मूत्राशयातून शिश्नाच्या टोकापर्यंत लघवी वाहून नेणारी नळी म्हणजे मूत्रमार्ग. प्रौढ पुरुषात ती साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असते, प्रोस्टेट ग्रंथीतून आरपार जाते आणि वीर्यही तिच्यातूनच बाहेर पडते. टोकाजवळचा थोडा भाग सोडला तर तिचे अस्तर मुख्यतः उभट, स्तंभासारख्या पेशींचे असते, आणि गोनोरिया व क्लॅमिडिया या लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या दोन्ही रोगांचे जंतू नेमके अशाच पेशींना धरतात. अस्तराच्या कडेने लहान लहान श्लेष्मल ग्रंथींची तोंडे उघडतात. त्या ग्रंथींत शिरलेला किंवा पेशींच्या आत वाढणारा जंतू लघवीच्या धारेने धुऊन निघत नाही. ‘भरपूर पाणी प्यायलो की सगळे वाहून जाईल’ हा हिशेब येथेच चुकतो.

या नळीला सूज आली की मूत्रमार्गदाह, म्हणजेच युरेथ्रायटिस, झाला असे म्हणतात. लघवीला जळजळ, शिश्नाच्या टोकाशी खाज किंवा टोचल्यासारखे वाटणे, आणि स्राव ही त्याची नेहमीची लक्षणे आहेत. स्राव कधी पिवळट-हिरवट पुवासारखा भरपूर असतो, तर कधी सकाळी उठल्यावर मुखाशी चिकटलेल्या पातळ थेंबाइतकाच. वारंवार लघवीला जावे लागणे, ओटीपोटात दुखणे, लघवीतून रक्त जाणे अशी लक्षणे प्रामुख्याने असतील, तर रोग मूत्राशयात किंवा प्रोस्टेटमध्ये असण्याचा विचार आधी करावा लागतो. आणि काही वेळा कोणतेच लक्षण नसते. क्लॅमिडियाच्या बाबतीत तर लक्षणे न दिसणारे पुरुष लक्षणे दिसणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, आणि हा रोग टिकून राहतो तो याच कारणाने.

कारणांची पहिली विभागणी जुनी आहे आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली होते. स्रावाचा पातळ थर काचपट्टीवर पसरून ग्रॅम पद्धतीने रंगवला की पुवातल्या पांढऱ्या पेशी गुलाबी दिसतात, त्यांची केंद्रके तुकड्यातुकड्यांची असतात. गोनोरिया असेल तर त्यांतल्या काही पेशींच्या पोटात लालसर ठिपक्यांच्या जोड्या भरलेल्या दिसतात, आणि प्रत्येक जोडीतले दोन ठिपके आपली सपाट बाजू एकमेकांकडे करून असतात. शेजारची पेशी पूर्ण रिकामी आणि हिच्यात दाटी, असे चित्र हमखास दिसते. लक्षणे असलेल्या पुरुषाच्या स्रावात हे चित्र दिसले की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही, आणि ते काही मिनिटांत हाती येते. आल्बर्ट नाइसर यांनी १८७९ मध्ये हा जंतू ओळखला, आणि पट्टीचे हे काम आजही मोडीत निघालेले नाही.

पांढऱ्या पेशी आहेत पण जोड्या नाहीत, अशा पट्टीवर ‘गोनोरियाखेरीज इतर मूत्रमार्गदाह’ असा शेरा जातो. हा शेरा म्हणजे निदान झाले असे अनेकांना वाटते, पण खरे तर तेथून शोध सुरू होतो. या गटात क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस सर्वांत परिचित. वेगवेगळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण साधारण १५ ते ४० टक्के आढळते. त्याच्या खालोखाल मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम हा अतिसूक्ष्म जंतू येतो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मूत्रमार्गदाह झालेल्या पुरुषांच्याच नमुन्यांत प्रथम सापडला. त्याला पेशीभित्तिकाच नसते. त्यामुळे पेशीभित्तिकेवर घाव घालणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधे त्याच्यापुढे पूर्ण निरुपयोगी ठरतात, आणि नेमकी हीच औषधे घरात उरलेल्या गोळ्यांत सर्वाधिक सापडतात. याशिवाय ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी, हर्पीसचा विषाणू, आणि अडेनोविषाणू हीही कारणे आहेत. अडेनोविषाणूने झालेल्या दाहात मूत्रमार्गाचे मुख लालबुंद होते, जळजळ स्रावाच्या मानाने फारच जास्त असते आणि कधी कधी त्याच सुमारास डोळेही येतात. डोळे आणि लघवी या दोन तक्रारी एकाच डॉक्टरांना सांगणे रुग्णाला सुचत नाही, त्यामुळे हा धागा जुळायचा राहून जातो.

घशात किंवा नाकात राहणारे हिमोफिलस आणि मेंदूज्वराचा मेनिंगोकॉकस हे जंतूही मुखमैथुनातून मूत्रमार्गात पोहोचू शकतात. मेनिंगोकॉकस पट्टीवर गोनोरियाच्या जंतूसारखाच दिसतो. अमेरिकेतील काही शहरांत २०१५ च्या सुमारास अशा रुग्णांची संख्या एकाएकी वाढली तेव्हा पट्टी ‘होय’ म्हणत होती आणि गोनोरियाची जनुकीय तपासणी, म्हणजे नमुन्यात त्या जंतूची जनुके शोधणारी तपासणी, ‘नाही’ म्हणत होती. या विसंगतीवरूनच तो प्रकार उघडकीस आला. आमच्या कामात दोन तपासण्या एकमेकींना खोडून काढतात तेव्हा त्यांतली एक फेकून देण्याचा मोह टाळावा लागतो, तो अशा कारणांसाठी.

सर्व तपासण्या करूनही निम्म्यापर्यंत रुग्णांत कोणताच जंतू हाती लागत नाही. हे वाचून निराश होण्याचे कारण नाही, पण अहवालात काही आले नाही म्हणजे रुग्ण खोटे सांगतो, असे मानणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

जंतूंशिवायही मूत्रमार्गाला सूज येते. लघवीसाठी घातलेली कॅथेटरची नळी, दुर्बिणीने केलेली तपासणी, सरकत आलेला खडा, शुक्राणुनाशक जेली, सुगंधी साबण किंवा जंतुनाशक द्रावण थेट मुखाशी लावणे, ही त्यातली ठळक कारणे होत. आणखी एक कारण आहे ज्याविषयी कोणी बोलत नाही. एकदा संसर्ग होऊन गेलेला माणूस धास्तावतो आणि स्राव येतो का हे पाहण्यासाठी दिवसातून अनेकदा शिश्न दाबून, मुळापासून टोकापर्यंत पिळून पाहतो. या पिळण्यानेच अस्तर चुरचुरते, थोडा ओलावा येतो, तो पाहून भीती वाढते आणि पुन्हा पिळणे सुरू होते. अशा रुग्णाला तिसरे प्रतिजैविक नको असते. हात लावू नका, एवढे ठामपणे सांगणारा डॉक्टर हवा असतो.

आता धोक्यांकडे. उपचार न झालेला संसर्ग मागे सरकून वृषणामागच्या अधिवृषण नलिकेत पोहोचला की एका बाजूचे वृषण सुजते आणि दुखते. साधारण पस्तिशीच्या आतल्या पुरुषांत याचे कारण बहुधा गोनोरिया किंवा क्लॅमिडिया असते, त्यापुढच्या वयात लघवीच्या अडथळ्यामुळे वाढलेले आतड्यातले जंतू. परंतु वृषण अचानक, तीव्रपणे दुखू लागले तर ‘संसर्ग असेल’ म्हणून घरी थांबू नये. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवण्यासाठी हाताशी सुमारे सहा तास असतात. पुढे कधीतरी, विशेषतः जुन्या गोनोरियानंतर किंवा इजेनंतर, मूत्रमार्गात व्रण धरून तो अरुंद होतो. धार बारीक होते, दुभंगते, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. काहींना संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांत गुडघे व घोटे सुजणे, डोळे लाल होणे असा प्रतिक्रियात्मक संधिवात होतो, आणि एचएलए-बी२७ हे जनुक असणाऱ्यांत त्याची शक्यता अधिक असते. गोनोरियाचा जंतू क्वचित रक्तात उतरून सांध्यांत व त्वचेवर प्रकटतो.

एचआयव्हीशी असलेला संबंध तर फार स्पष्ट आहे. मलावीमध्ये झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचआयव्हीबाधित पुरुषांपैकी ज्यांना मूत्रमार्गदाह होता त्यांच्या वीर्यात विषाणूचे प्रमाण इतरांच्या सुमारे आठपट आढळले, आणि दाहावर साधा प्रतिजैविक उपचार केल्यावर ते दोन आठवड्यांत लक्षणीय घटले. शिवाय पुरुषाच्या दृष्टीने ‘थोडी जळजळ’ असलेला हा रोग स्त्रीजोडीदाराच्या गर्भाशयात व बीजवाहिन्यांत शिरला तर वंध्यत्व आणि गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांना कारणीभूत ठरतो. पुरुषाला त्रास कमी, म्हणून धोका कमी, हे गणित मांडणाऱ्याने या बाजूचा विचारच केलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात क्लॅमिडियाचे १२.९ कोटी, गोनोरियाचे ८.२ कोटी आणि ट्रायकोमोनासचे १५.६ कोटी नवे संसर्ग झाले. हे आकडे १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रीपुरुषांचे आहेत. एवढ्या सर्रास आढळणाऱ्या रोगाबद्दल एवढे मौन का पाळले जाते, हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. शंका असतील तर येथे विचाराव्यात; मात्र कोणीही औषधांच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे टाकू नयेत.

*

प्रतिसाद : पाऊलवाट

धागा अतिशय उपयुक्त आहे. एक प्रश्न विचारतो. मला जळजळ होत होती म्हणून मी लघवीची तपासणी आणि कल्चर करून घेतले. कल्चरमध्ये ‘वाढ नाही’ असे आले, तरीही त्रास चालूच आहे. मग कल्चर खोटे समजावे का?

धागाकर्ता :

कल्चर खोटे नाही. त्याला जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर त्याने दिले आहे. कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू पोषक माध्यमावर वाढवून पाहणे. नेहमीच्या लघवी-कल्चरमध्ये ई. कोलायसारखे मूत्राशयातील जंतू वाढतात. क्लॅमिडिया केवळ जिवंत पेशीच्या आतच वाढू शकतो, मायकोप्लाझ्माला महिनोन्‌महिने लागतात आणि गोनोरियाच्या जंतूला खास माध्यम व कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यामुळे ‘वाढ नाही’ या दोन शब्दांवरून या तिघांविषयी काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट नमुन्याची. कल्चरसाठी लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार घ्यायला सांगतात, कारण मूत्राशयात काय आहे ते पाहायचे असते. मूत्रमार्गदाहाच्या जनुकीय तपासणीसाठी याच्या बरोबर उलट करावे लागते. शेवटच्या लघवीनंतर किमान एक तास, जमल्यास दोन तास थांबायचे, टोक आधी धुवायचे किंवा पुसायचे नाही आणि अगदी पहिली धार, साधारण २० ते ३० मिलिलिटर, बाटलीत घ्यायची. नंतरची लघवी बाहेर सोडून द्यायची. मूत्रमार्गाच्या भिंतीवरच्या पेशी आणि जंतू त्या पहिल्या धारेबरोबर निघतात. काठोकाठ भरलेली बाटली आली की नमुना पातळ झाला हे आम्हाला पाहताक्षणी कळते. रुग्णाने मात्र ती फार काळजीपूर्वक भरलेली असते, कारण त्याला आयुष्यभर मधल्या धारेचीच सवय लावलेली असते.

तेव्हा तुम्ही डॉक्टरांना क्लॅमिडिया, गोनोरिया आणि शक्य असल्यास मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियमच्या जनुकीय तपासणीविषयी विचारावे. पहिल्या धारेत पांढऱ्या पेशी आहेत का, हेही पाहता येते. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात दहा किंवा अधिक दिसल्या तर सूज आहे असे मानतात.

*

प्रतिसाद : त्रयस्थ

मी नेहमी फक्त वाचतो, आज लिहिणे भाग आहे. माझ्या विवाहाला बरीच वर्षे झाली आहेत. मला क्लॅमिडिया असल्याचा अहवाल आला आहे. मी स्वतः कोठेही बाहेर संबंध ठेवलेले नाहीत. याचा अर्थ जो निघतो तो मी लिहूही शकत नाही. पत्नीशी याविषयी अद्याप बोललेलो नाही. अहवाल चुकू शकतो का?

प्रतिसाद : आडवाट

त्रयस्थ, वाईट वाटले. पण अर्थ एकच निघतो, आणि तो आता तुम्ही स्वीकारलेला बरा. असे विषय वेळीच बोलून मोकळे व्हावे, झाकून ठेवल्याने ते चिघळतात.

धागाकर्ता :

आडवाट, अहवालाच्या कागदावर जंतूचे नाव असते, त्याची तारीख नसते. तुम्ही काढलेला निष्कर्ष त्या कागदात नाही.

त्रयस्थ, तुमच्यासाठी जरा सविस्तर लिहितो. क्लॅमिडिया उपचाराविना अनेक महिने, काही जणांत वर्षाहून अधिक काळ, कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतो, आणि स्त्रियांमध्ये तर हे फारच वेळा घडते. त्यामुळे तो आज सापडला म्हणजे अलीकडे शिरला असे सिद्ध होत नाही. तो तुमच्या दोघांपैकी कोणाकडे आधी होता आणि केव्हापासून, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. मात्र, हा जंतू लैंगिक संपर्कातूनच पसरतो. स्वच्छतागृहाच्या भांड्यावरून किंवा टॉवेलमधून येत नाही, हेही तितकेच खरे आहे आणि ते लपवून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. तुमचा विवाह किती जुना आहे यावर बरेच अवलंबून आहे. फार जुना असेल तर ‘लग्नाआधीपासून राहिला असेल’ हे स्पष्टीकरण उत्तरोत्तर अशक्य होत जाते, पण त्या अशक्यतेला तारखेची रेघ मारता येत नाही.

अहवाल चुकू शकतो का, हा प्रश्न रास्त आहे. जनुकीय तपासण्या अत्यंत विश्वासार्ह असल्या तरी परिपूर्ण नाहीत, आणि ज्याला धोका फार कमी आहे अशा माणसात आलेला सकारात्मक निकाल खोटा असण्याची शक्यता धोका जास्त असलेल्याच्या तुलनेत अधिक असते. हा निव्वळ संख्याशास्त्राचा भाग आहे. नमुन्यांची अदलाबदल किंवा एका नमुन्याचा अंश दुसऱ्यात जाणे हेही क्वचित घडते. तुम्ही औषध अद्याप सुरू केले नसेल तर डॉक्टरांशी बोलून नवा नमुना, शक्यतो वेगळ्या पद्धतीच्या तपासणीसाठी, देता येईल. औषध सुरू झाले असेल तर ही संधी गेली असे समजावे. उपचारानंतरही मेलेल्या जंतूंचे अवशेष काही आठवडे तपासणीत दिसत राहतात, त्यामुळे चार आठवड्यांच्या आत केलेल्या फेरतपासणीने गोंधळच वाढेल.

आणि पत्नीची तपासणी व उपचार मात्र कोणत्याही परिस्थितीत टाळता येणार नाहीत. संशय खरा असो वा खोटा, जंतू असेल तर धोका त्यांच्या शरीराला अधिक आहे. बोलण्याची सुरुवात दोषारोपाने न करता अहवालाने करावी: माझ्या तपासणीत हा संसर्ग आला आहे, तो लक्षणांशिवाय फार काळ राहू शकतो, दोघांनी एकदम उपचार घ्यावेत असे डॉक्टरांनी सांगितले आहे. हे तिन्ही भाग वस्तुस्थितीला धरून आहेत. अडचण वाटत असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसावे. हे त्यांना नवे नसते.

*

प्रतिसाद : निशाचर

सिरप घेतले की जळजळ थांबते आणि सोडले की परत सुरू होते, असे अनेकांकडून ऐकतो. लघवीची आम्लता कमी करणाऱ्या या सिरपविषयी आपले मत काय? तसेच लघवीच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटॉइन सर्रास दिले जाते, ते चालते का?

धागाकर्ता :

सिरपने लघवी कमी आम्लधर्मी होते आणि सुजलेल्या अस्तराला कमी झोंबते. त्याचे काम तेवढेच. जंतूवर त्याचा परिणाम नसतो, म्हणूनच ते थांबवले की तक्रार परत येते. नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्राशयाच्या साध्या संसर्गासाठी चांगले औषध आहे. ते लघवीत साठते, पण ऊतींमध्ये पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. पेशींच्या आत राहणाऱ्या क्लॅमिडियासाठी किंवा प्रोस्टेटच्या संसर्गासाठी त्यामुळे ते कामाचे नाही.

क्लॅमिडियाचे जीवनचक्र पाहिले तर उपचाराचा कालावधी का पाळावा लागतो तेही कळते. पेशीबाहेर तो निद्रिस्त कणाच्या रूपात असतो, पेशीत शिरल्यावर रूप बदलून वाढतो, आणि साधारण दोन ते तीन दिवसांनी पेशी फोडून नवे कण बाहेर पडतात. औषध त्याच्या वाढीच्या अवस्थेवर काम करते. म्हणून डॉक्सिसायक्लिन दिवसातून दोनदा, पूर्ण सात दिवस देतात, आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून ते थांबवायचे नसते. अझिथ्रोमायसिनचा एकच डोस देण्याची पद्धत अनेक वर्षे होती. ती सोयीची होती, पण त्याने मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियममध्ये प्रतिकारशक्ती फोफावली आणि अनेक मार्गदर्शक सूचनांत डॉक्सिसायक्लिनला पहिले स्थान मिळाले.

गोनोरियाची गोष्ट याहून बिकट आहे. त्याने सल्फा औषधे, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशी एकेक औषधे निकामी केली. अमेरिकेत सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटाची शिफारस २००७ मध्ये काढून घेण्यात आली आणि तोंडाने घ्यायच्या सेफिक्सिमची पहिली पसंती २०१२ मध्ये गेली. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रियाक्झोनच्या इंजेक्शनवर आहे, आणि त्यालाही दाद न देणारे जंतू आढळू लागले आहेत. म्हणून स्राव पुवासारखा असेल तेव्हा जनुकीय तपासणीबरोबर गोनोरियाचे खास कल्चरही करावे असा आमचा आग्रह असतो, कारण कोणते औषध लागू पडेल हे कल्चरवरूनच कळते.

*

प्रतिसाद : सांजवेळ

मी स्त्री सभासद आहे. माझ्या पतींचे उपचार पूर्ण झाले, पण डॉक्टरांनी माझी तपासणी न करताच मलाही औषध दिले. मला काहीच त्रास नाही. हे योग्य आहे का? आणि किती दिवस संबंध टाळायचे?

धागाकर्ता :

योग्य आहे. लक्षणे सुरू होण्याआधीच्या साठ दिवसांतील सर्व जोडीदारांना कळवावे आणि त्यांची तपासणी व उपचार व्हावेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया निश्चित झाला असेल तर जोडीदाराच्या अहवालाची वाट न पाहता उपचार देतात. तथापि तुमची तपासणीही व्हायला हवी होती, असे माझे मत आहे, कारण तुम्हाला आणखी काही संसर्ग असल्यास तो या औषधात येईलच असे नाही. गर्भधारणेची शक्यता असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन तेव्हा सहसा देत नाहीत आणि पर्यायी औषध निवडतात.

दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत, आणि एकच डोस असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध टाळावेत. लक्षणे शिल्लक असतील तर ती जाईपर्यंत. एकाने आज आणि दुसऱ्याने पंधरा दिवसांनी औषध घेतले तर संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे येत-जात राहतो आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. सुमारे तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी, कारण या काळात पुनर्संसर्गाचे प्रमाण बरेच असते.

*

प्रतिसाद : आडवाट

माझा वरचा प्रतिसाद घाईचा होता, हे मान्य करतो. एक शंका. शौचाला जोर केला की पुढून पारदर्शक, चिकट द्रव येतो. कोणी याला धातू जाणे म्हणतात, कोणी अशक्तपणाचे लक्षण म्हणतात. हाही मूत्रमार्गदाहच का?

धागाकर्ता :

जळजळ नाही, द्रव पारदर्शक आहे, आणि तो फक्त जोर केल्यावर किंवा लैंगिक उत्तेजनेच्या वेळी येतो, तर तो बहुधा प्रोस्टेट व इतर ग्रंथींचा नैसर्गिक स्राव असतो. त्याने अशक्तपणा येत नाही. पट्टीवर पाहिले तर त्यात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात. शंका फिटत नसेल आणि मागे असुरक्षित संबंध आलेला असेल तर एकदा तपासणी करून मोकळे व्हावे. त्यानंतर रोज पाहणे मात्र थांबवावे.

*

प्रतिसाद : पाऊलवाट

पहिल्या धारेचा नमुना दिला. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम सापडला, बाकी दोन्ही नाहीत. डॉक्टरांनी आधी डॉक्सिसायक्लिन आणि त्यानंतर मॉक्सिफ्लॉक्सासिन, असे एकापाठोपाठ दोन कोर्स लिहून दिले आहेत. दोन प्रतिजैविके जास्त होत नाहीत का? शिवाय एचआयव्हीची तपासणीही सांगितली आहे, त्याने थोडा घाबरलो आहे.

धागाकर्ता :

हा क्रम सध्याच्या मार्गदर्शक सूचनांना धरूनच आहे. डॉक्सिसायक्लिनने एकट्याने हा जंतू बहुधा संपत नाही, पण त्याची संख्या घटते, आणि मग दुसरे औषध उरलेल्यांना संपवते. मॉक्सिफ्लॉक्सासिन चालू असताना टाचेमागच्या स्नायुबंधात दुखू लागले, छातीत धडधड वाटली किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर थांबून लगेच डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या ठोक्यांचा काही त्रास असेल किंवा त्यासाठी औषधे चालू असतील तर ते सुरुवात करण्याआधीच सांगायला हवे.

एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मूत्रमार्गदाहाच्या प्रत्येक रुग्णाला सुचवली जाते. तुमच्याविषयी काही विशेष संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. फक्त कालावधी ध्यानात ठेवा. प्रयोगशाळेत होणारी एचआयव्हीची चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी) तपासणी संपर्कानंतर ४५ दिवसांनी नकारात्मक आली तर ती विश्वासार्ह मानतात, आणि सिफिलिससाठी तीन महिन्यांपर्यंत थांबून पुन्हा पाहावे लागते. जोडीदाराच्या तपासणीत मायकोप्लाझ्माचा समावेश करायला सांगा, कारण नेहमीच्या तपासणीत तो नसतो.